पिकअपला पिकअप नाही

गाडी चढाला मरत असेल, रेस दिली तरी पुढे सरकायला मागत नसेल, तर आमच्याकडे तिला ‘पिकअप नाही’ म्हणतात. आणि आमची गाडीच पिकअप. त्यामुळे 2017 आणि 2018 या दोन हंगामांत मी ज्या ज्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो, तिथे माझ्या पहिल्याच वाक्याला हशा मिळाला. ‘पिकअपला पिकअप नाही.’ मिस्त्री हसायचा, पोरगं बॉनेट उघडायचं, आणि बिल सुरू व्हायचं.

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. ती धाकटा भाऊ बघतो. मी कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे मार्केट यार्डात उभं राहून पेट्या उतरवून घेणं, सौदा बघणं आणि मग आठवडाभर पैशांसाठी फोन करणं ही माझी बाजू. मधला रस्ता गाडीचा आणि दादांचा. दादा म्हणजे आमचे ड्रायव्हर, आमच्याच वाडीतले, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांच्यापेक्षा मी बारा वर्षांनी लहान, तरी ते मला भाऊ म्हणतात.

रात्री जेवून निघायचं, तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा आणि मग कळ्यावरून सरळ कोल्हापूर. हौद्यात साठेक पेट्या, म्हणजे सव्वा टनाच्या आसपास. गाडी 2008 सालची, टर्बो असलेली, पण इलेक्ट्रॉनिक मेंदू नसलेली. हल्लीच्या गाडीला स्कॅनर जोडला की ती स्वतःच काय दुखतंय ते आकड्यांत सांगते. हिला जोडायला जागाच नव्हती. हिचं दुखणं ऐकून, हुंगून आणि हात लावूनच कळायचं.

लक्षण असं, की तळेऱ्यापर्यंत गाडी मस्त. वैभववाडी मागे पडून घाट लागला की तिसऱ्या-चौथ्या वळणावर बसायला लागायची. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला, आणि पहिल्यावरही पाय फळीला टेकवून ठेवला तरी माणूस शेजारून चालत पुढे जाईल असा वेग. मागे ट्रक हॉर्न मारतोय, डाव्या बाजूला दरी. दादा कशीबशी कडेला घ्यायचे. वीस-पंचवीस मिनिटांनी स्टार्टर मारला की गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी वर निघायची.

दादांनी मला दोन गोष्टी अगदी सुरुवातीला सांगितल्या होत्या. एक, “भाऊ, चाय घेवक थांबलंव ना, की परत बरी चलता.” आणि दुसरी, “टाकी फुल असली की लवकर बसता. अर्धी आसली तर वरपर्यंत येता.”

पहिल्या वाक्यावर मी हसलो. गाडीला चहा लागतो की ड्रायव्हरला, असा काहीतरी विनोदही केला. दुसऱ्या वाक्यावर हसलोही नाही. भरलेल्या टाकीने गाडी दमते हे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी लाल पेनाने फुली मारली असती.

माझं स्वतःचं निदान शास्त्रीय होतं. घाट चढला की उंची सहाशे मीटरच्या वर जाते, हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी कमी होतो, प्राणवायू कमी, ज्वलन कमी. स्टाफरूममध्ये हे मी फळ्यावर काढून दाखवलं. त्यात दोन भोकं होती. गाडी घाटाच्या माथ्यावर नव्हे, पायथ्याजवळच बसत होती. आणि टर्बो असतो तोच मुळी हवा दाबून आत कोंबण्यासाठी, त्यामुळे एवढी तूट तो सहज भरून काढतो. दोन्ही भोकं मला दिसत होती, पण निदान सुंदर असलं की माणूस त्याला सोडत नाही.

पुढचं वर्षभर गाडीने जे सोसलं ते थोडक्यात सांगतो.

पहिल्या गॅरेजात एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलला. ते रास्तच होतं, कोणीही आधी तेच करील. फिल्टरच्या बुडातून चमचाभर पाणी निघालं, सगळ्यांना सापडलं-सापडलं वाटलं. पुढच्याच खेपेला गाडी त्याच वळणावर. दुसरीकडे क्लच प्लेटवर संशय आला. ती तपासणी मला आवडली: हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाकायचा आणि हळूहळू क्लच सोडायचा, इंजिन धाडकन बंद पडलं तर प्लेट ठीक, बंद न पडता नुसतंच फिरत राहिलं तर प्लेट घसरतेय. आमचं बंद पडलं. मग चारही ड्रमना हात लावून झाला, कुठला ब्रेक धरून राहिलाय का बघायला. चाकं गार. टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनाच्या झडपांची फट जुळवणं, तेही झालं.

तिसऱ्याने मात्र खरा दोष काढला. टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपला क्लिपच्या खाली बोटभर चीर गेली होती, रेस दिली की तिथून हवा फुसफुसायची. तो पाइप बदलल्यावर गाडी खरोखरच सुधारली. तिसऱ्या वळणाऐवजी सातव्या वळणावर बसायला लागली. हे फार वाईट झालं. काहीच सापडलं नसतं तर मी विचार केला असता. थोडंसं सापडल्यामुळे मी दोन महिने ‘आता बरी आहे’ म्हणत राहिलो.

2018 चा हंगाम सुरू झाला तेव्हा पंपवाल्याकडे गेलो, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप दुरुस्त करणाऱ्याकडे. पंप आणि डिझेलचा फवारा सोडणारे चारही नोझल उतरवून कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचं माप पुन्हा जुळवणं. बिल अठरा हजारांच्या घरात. त्या दुकानाला मी दोष देणार नाही. त्याच्या टेबलावर माझा पंप आला आणि त्याने पंप दुरुस्त केला. ‘पिकअप नाही’ या दोन शब्दांत ज्याला त्याला आपल्या दुकानातला माल ऐकू येतो, एवढंच. शेवटच्या गॅरेजवाल्याने ऑईलचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं, भोकातून भकभक वाफ येतेय म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवायला लागेल. थोडी वाफ येत होती हे खरं आहे. दहा वर्षांच्या इंजिनाला ती येतेच.

म्हणजे तोवर रेडिएटरचं झाकण उघडून झालं होतं, ऑईलचं झालं होतं, फिल्टरचं झालं होतं. गाडीची सगळी झाकणं उघडून झाली होती, एक सोडून.

इंजिन उतरवायचं तर हंगाम बुडणार. त्या अडचणीत एका सहकाऱ्याने शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथे सकाळी गेलं तर लेथचा आवाज, ओतकामाच्या भट्ट्यांचा वास आणि रस्त्यावर लोखंडाचा चुरा, असं सगळं एकदम अंगावर येतं. विहिरीवरच्या ऑईल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत काय काय त्या गल्ल्यांतून बाहेर पडलं आहे. मिस्त्री त्यातलेच, पोरवयात ऑईल इंजिनांवर हात बसलेला. शेडमध्ये एकच गाडी मावेल एवढी जागा.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. उंची, हवेचा दाब, कॅलिब्रेशनचं बिल. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “गाडी चालवतंय कोण?”

मी दादांकडे बोट केलं.

“मग सर, तुमी जरा बसा. त्यास्नी बोलू द्या.”

आणि माझ्यासमोर जे पंधरा मिनिटं चाललं, तसं मी बावीस वर्षांत एकाही प्रॅक्टिकलला पाहिलं नव्हतं. गाडी कवा बसती? रिकामी असताना बसती का? निघाल्यापासनं किती वेळानं? थंडीत आणि उन्हात फरक हाय का? बसती तवा एकदम बसती का हळूहळू? धूर कसला मारती?

धुरापाशी ते बराच वेळ थांबले. दादा म्हणाले, धूरच नाही. काळा नाही, पांढरा नाही. “उलट कमी जाता.” मिस्त्रींनी मान हलवली.

याचं महत्त्व मला नंतर कळलं, म्हणजे कळलेलं आठवलं. पेट्रोल इंजिनात पाय दाबला की हवेचं दार उघडतं. डिझेलमध्ये हवा आपली मोकळी येत असते. इंजिन ती अठरा-वीस पट दाबतं, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं मर्म हेच. तुमचा पाय फक्त डिझेलची मागणी नोंदवतो. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं की अर्धवट जळलेला काळा धूर येतो. निळा आला तर ऑईल जळतंय. गाडी दमतेय आणि धूर मात्र कमी होतोय, याचा अर्थ हवा भरपूर आहे, डिझेलच पोचत नाही. मागणी नोंदवलीय, माल वाटेत अडलाय. पेट्यांचा व्यापार करणाऱ्याला तरी हे सुचायला हरकत नव्हती.

“थांबल्यावर सुधारती व्हय?” मिस्त्रींनी विचारलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “चाय घेतली की बरी होता.”

मिस्त्री हसले नाहीत. “किती वेळ लागतोय च्याला?”

“वीस मिन्टा.”

“आन् धाच मिनिटं थांबला तर?”

“मग अर्ध्या घाटापर्यंत.”

मिस्त्रींनी हे भिंतीवर खडूने लिहिलं. वीस. धा. अर्धा घाट. शेजारी ‘टाकी फुल – लवकर’ असंही लिहिलं. भिंतीवर आधीच कितीतरी गाड्यांचे नंबर आणि आकडे होते, त्यात आमचे मिसळून गेले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या फाउंड्रीतून टनभर कास्टिंग हौद्यात घातलं. मिस्त्रींनी पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन बॉनेटखाली तारेने बांधला, डिझेल भरलं, आणि फीड पंपाकडे, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाकडे, येणारा आणि टाकीकडे परत जाणारा असे दोन्ही पाइप त्या कॅनमध्ये सोडले. म्हणजे टाकीच बाद. आम्ही तिघं पुढे बसून पन्हाळ्याच्या रस्त्याने निघालो. वाघबीळचा चढ गाडीने तिसऱ्या गिअरवर काढला. दादांनी आरशात बघावं तसं माझ्याकडे बघितलं. इंजिन, पंप, नोझल, रिंगा, सगळं एका कॅनने निर्दोष सोडलं होतं. माझे अठरा हजार त्या चढावर स्पष्ट दिसत होते.

खाली येऊन पाइप पुन्हा टाकीला जोडले. मिस्त्रींनी आम्हाला आधी तासभर सपाटीला फिरवलं, मग चढाला घातलं. टाकी जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती. निम्मा चढ झाला आणि ती ओळखीची घरघर आली. गाडी बसली.

“बंद करू नगा,” म्हणत मिस्त्री उतरले. बॉनेट उघडून त्यांनी मला बोलावलं आणि फीड पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीवर बोट ठेवलं. जुनी, मऊ पडलेली नळी. ती चपटी झाली होती. कोकम सरबत संपत आल्यावर कागदाची नळी चोखत राहिलं की ती जशी आत ओढली जाते, तशी. मी ती दोन बोटांत धरली तेव्हा आत काहीच नसल्यासारखी लागली.

ते मागे गेले, टाकीजवळ वाकले. “किल्ली?”

दादांनी हात पुढे केला नाही. हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

मी खिशातून जुडगा काढला. घराची, स्कूटरची, कॉलेजच्या कपाटाची, आणि एक छोटी पितळी. मिस्त्रींनी ती झाकणाच्या कुलुपात घातली, फिरवली, आणि झाकण उचलायच्या आधी मला म्हणाले, “कान हिकडं करा.”

फुस्स नव्हे. फुस्स बाहेर येतं. हा आवाज आत जाणारा होता, लांबलचक, एखादा माणूस पाण्याखालून वर येऊन श्वास घेतो तसा. चार-पाच सेकंद तरी चालला. त्याच वेळी पुढे इंजिनाचा सूर बदलला, घरघर गेली, आणि गाडी उभ्या जागी रेस घ्यायला लागली.

“ऐकलासा?” मिस्त्री म्हणाले. “टाकीनं श्वास घ्यायचा कुठनं?”

टाकीतून डिझेल जातं, तितकी जागा भरायला बाहेरून हवा आत यावी लागते. त्यासाठी बहुतेक झाकणांना बारीक भोक किंवा झडप असते. आमच्या झाकणाला ते नव्हतं, आणि त्याची रबरी चकती घट्ट बसत होती. मग हिशोब सोपा आहे. भरलेल्या टाकीत वर समजा पाच लिटर हवा आहे. पाच लिटर डिझेल खर्च झालं की तीच हवा दहा लिटर जागेत पसरते आणि दाब निम्म्यावर येतो. अर्ध्या टाकीत वर पंचवीस लिटर हवा असली तर तेवढ्याच खर्चाने दाब सहावा हिस्साच उतरतो. म्हणून फुल टाकी लवकर बसते. आणि इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबलं की चकतीच्या फटीतून हवा झिरपत आत येते, दाब भरून निघतो. म्हणून चहा.

बॉइलचा नियम. अकरावीला मी तो दरवर्षी शिकवायचो. मॅग्डेबर्गचे अर्धगोल, आतली हवा काढून घेतली की घोड्यांच्या जोड्यांनाही न सुटणारे, ते चित्र मी फळ्यावर घोड्यांच्या शेपटांसकट काढायचो.

“झाकाण कवा बदललासा?” मिस्त्रींनी विचारलं.

उत्तर मला माहीत होतं आणि दादांनाही. दोघांपैकी कोणीच लगेच बोललं नाही. रस्त्यावरून ज्योतिबाला जाणारी गुलालाने माखलेली एक जीप गेली, तेवढा वेळ आम्हाला मिळाला.

2016 च्या हंगामाचा हिशोब करताना मला डिझेल जास्त लागल्यासारखं वाटलं होतं. खेपा, किलोमीटर, लिटर असा तक्ता केला आणि तो जुळेना. भावाला फोनवर म्हणालो, कुठेतरी गळतंय. गळतंय म्हणजे काय, ते त्यालाही कळलं. पुढच्या हंगामाच्या आधी मी इथूनच कुलपाचं झाकण घेतलं आणि पाठवून दिलं. एक किल्ली भावाकडे, एक माझ्याकडे. आधी दादा वाटेत लागेल तसं डिझेल घालायचे. आता निघण्यापूर्वी भाऊ गळ्यापर्यंत टाकी भरायचा आणि कुलूप लावायचा. म्हणजे झाकणही मीच दिलं आणि टाकी फुल ठेवायची पद्धतही मीच घालून दिली. दादांना कोणी काही बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती, कुलूप रोज बोलत होतं.

त्या तक्त्याचं सांगायचं तर टर्बोच्या पाइपला चीर कधी गेली कोण जाणे. हवा गळायला लागली की इंजिन त्याच कामाला जास्त डिझेल पितं. माझं ‘कुठेतरी गळतंय’ कदाचित अगदी बरोबर होतं.

“मागच्या साली,” मी म्हणालो. “मीच बदललं.”

मिस्त्रींनी पुढे काही विचारलं नाही. शेडवर आल्यावर त्यांनी भंगाराच्या डब्यातून एक जुनं झाकण काढलं, त्याच्या मधल्या भोकात तोंडाने फुंकून पाहिलं, रॉकेलमध्ये धुतलं आणि दादांच्या हातात दिलं. त्याला कुलूप नव्हतं. चपटी होणारी नळीही बदलली. दोनशे रुपये घेतले, त्यातले दीडशे नळीचे. मी जास्त द्यायला लागलो तर म्हणाले, पेटी पाठवा.

पुढच्या खेपेला मी देवगडला गेलो होतो, परत येताना दादांच्या शेजारी बसलो. पेट्या पंचावन्न. भावाने सवयीने टाकी फुल केली होती. तळेऱ्याला रात्रीचे साडेअकरा. काचा खाली, मागून पेंढ्याचा आणि आंब्याचा वास. त्या प्रवासात मला काहीतरी बोलायचं होतं आणि मी ते वैभववाडीपर्यंत मनात जुळवत होतो. दादा दहावीपासून नापास होत आलेल्या त्यांच्या पुतण्याबद्दल सांगत होते. घाट लागला. तिसरं वळण गेलं, सातवं गेलं. गाडी दुसऱ्या-तिसऱ्यावर एकसुरात चढत होती. धूर बघायला मी आरशात वाकलो तर मागच्या ट्रकचे दिवे खूप खाली राहिले होते.

“त्या कुलपाचं...” मी सुरुवात केली.

“ता झाला आता,” दादा म्हणाले आणि गिअर टाकला.

गगनबावड्याच्या नाक्यावर एक टपरी रात्रभर उघडी असते. त्यांनी गाडी कडेला घेतली.

“आता कशाला?” मी म्हणालो. “आता तर मस्त चाललीय.”

“गाडयेक नको,” दादा उतरता उतरता म्हणाले. “माका होयी.”

मी दोन कप सांगितले.